पुण्यातील ग्रहशोधक आणि केप्लरची अखेर

वैशाखात मध्यरात्रीच्या सुमारास माळशिरसच्या माळावरून पूर्वेकडे पाहिले, तर भुजंगधारी हा तारकासमूह बराच वर आलेला दिसतो. त्यातील ७० क्रमांकाचा मंद तारा वस्तुतः जोडतारा आहे. दोन तारे परस्परांभोवती सुमारे ८८ वर्षांत एक फेरी पुरी करतात. परताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या शोधाची कथा सांगायची, तर ती याच ताऱ्यापासून सांगावी लागते.

कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब हे मुंबई इलाख्याच्या फौजेतील इंजिनिअर. १८४२ मध्ये त्यांनी पुण्यात स्वतःची लहानशी वेधशाळा थाटली आणि जोडताऱ्यांचे वेध घेतले. पुढे ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. ७० भुजंगधारीचा जोडीदार गणिताने काढलेल्या मार्गावरून किंचित ढळतो, असे त्यांना आढळले. अशाच तर्काने १८४६ मध्ये नेपच्यून सापडला होता. तेव्हा येथेही एखादा अदृश्य ग्रह ओढ देत असावा, असे अनुमान त्यांनी १८५५ मध्ये प्रसिद्ध केले.

१८६२ मध्ये ते पुण्यात नवी वेधशाळा उभारण्यासाठी परतले. नऊ इंची दुर्बीण त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतली होती. ८ ऑगस्टला ते मुंबईस उतरले, आणि १६ ऑगस्टला पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रहही पुढील अधिक अचूक मोजणीत टिकला नाही.

दीडशे वर्षांनी हेच काम केप्लर दुर्बिणीने निराळ्या रीतीने केले. मार्च २००९ मध्ये ती अवकाशात गेली. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की प्रकाश क्षणिक घटतो. सूर्यासमोरून पृथ्वी गेल्यास ही घट जेमतेम दहा हजारावा भाग भरेल. एवढे टिपायचे तर दुर्बीण अढळ राहिली पाहिजे. तिला स्थिर ठेवणाऱ्या चार चाकांपैकी दुसरे चाक २०१३ मध्ये निकामी झाले. तथापि शास्त्रज्ञांनी सूर्यप्रकाशाच्या दाबाचाच आधार घेऊन २०१४ पासून तिला पुन्हा कामास लावले. अखेर इंधन संपले, आणि ३० ऑक्टोबर २०१८ रोजी मोहीम संपल्याचे नासाने जाहीर केले. १५ नोव्हेंबरला शेवटच्या आज्ञा गेल्या. योहानेस केप्लरची ती पुण्यतिथी होय. तोवर २,६०० हून अधिक ग्रह तिच्या नावावर जमा झाले होते.

एकाचा ग्रह खोटा ठरला, दुसरीचे हजारो खरे ठरले. म्हणून जेकबांचे श्रम वाया गेले काय? मला तसे वाटत नाही. त्यांनी आपले वेध आणि तर्क छापून लोकांपुढे ठेवले, म्हणूनच पुढच्यांना ते तपासता आले, आणि चूकही दाखवता आली. केप्लरचीही टिपणे सर्वांसाठी खुली आहेत. दुर्बीण मिटल्यानंतरही त्यांतून नवे ग्रह सापडत राहिले. आजचे तपासणारे आपल्या तालुक्यातील एखादा विद्यार्थीही असू शकेल. त्याला स्वतःची दुर्बीण लागणार नाही; मात्र जेकबांची चिकाटी लागेल.