तीन सव्वीस आणि एक अठ्ठावीस

वणीच्या बाजारात सायकलच्या दुकानात जाऊन नुसतं “सव्वीसचा टायर द्या” म्हटलं, तर जुना मिस्त्री जागचा उठत नाही. तो विचारतो, “कुठलं सव्वीस?” प्रश्न रास्त आहे. भारतात २६ इंची म्हणून विकले जाणारे टायर निदान तीन वेगवेगळ्या रिमांचे असतात आणि एका रिमचा टायर दुसरीवर नीट बसत नाही. मोबाइलवर ऑर्डर करताना हा प्रश्न विचारणारं कुणी नसतं.

आमच्या घरी आजोबांची काळी सायकल अजून चालती आहे. तिच्या मागच्या टायरच्या निमित्ताने मी या आकड्यांच्या मागे लागलो आणि थेट एकोणिसाव्या शतकात पोचलो.

१८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्याचा टायर रिमवर कापड गुंडाळून चिकटवलेला असे, त्यामुळे पंक्चर काढायचं म्हणजे सगळं सोलायचं. १८९० मध्ये चार्ल्स वेल्चने टायरच्या दोन्ही कडांमध्ये न ताणणारी तार घालायची युक्ती काढली. आपल्या सायकलींचे टायर आजही त्याच युक्तीने रिमवर टिकून असतात. तार ताणली जात नाही, म्हणून तारेचा आणि रिमचा व्यास जुळलाच पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

पण टायरला नाव पडलं ते बाहेरच्या व्यासावरून. हवा भरल्यावर चाक किती उंच? २६ इंच, म्हणजे ६६० मिलिमीटर. आता वजाबाकी करून बघा. टायर १ ३/८ इंच जाड असेल, तर दोन्ही बाजूंचे मिळून ७० मिमी जातात आणि रिमसाठी ५९० उरतात. दीड इंच जाड असेल तर ५८४. दोन इंच असेल तर ५५९. तिन्ही चाकं शेजारी उभी केली तर सारख्याच उंचीची. म्हणजे नाव ठेवलं तेव्हा ते खोटं नव्हतं. ते चाकाकडे लांबून बघणाऱ्याच्या सोयीचं होतं, टायर बदलणाऱ्याच्या नव्हे.

पुढे त्याच रिमांवर कमी-जास्त जाडीचे टायर निघाले, पण नाव बदललं नाही. त्यामुळे शाळेतलं गणित इथे हात टेकतं. २६ × १.५ आणि २६ × १ १/२ वर्गात सारखेच. दुकानात मात्र पहिला ५५९ च्या रिमचा, म्हणजे गिअरवाल्या माउंटन बाइकच्या घराण्यातला, आणि दुसरा ५८४ चा. दशांश आणि अपूर्णांक यांचं इथे जमत नाही.

आपल्याकडे हे आकडे विलायती सायकलींबरोबर आले. रॅले, हर्क्युलिस, बीएसए ही नावं जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. स्वातंत्र्यानंतर कारखाने इथेच निघाले: १९४९ मध्ये मद्रासजवळ टीआय, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलास, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. त्याच १९५६ साली संसदेने मेट्रिक मापांचा कायदा केला. शेर गेला, मैल गेला, आणा गेला. टायरचा इंच राहिला. त्याला काढणार कोण? आधीच्या लाखो रिमा रस्त्यावर धावत होत्या.

त्यातली सगळ्यात चिवट रिम म्हणजे आजोबांच्या सायकलची, २८ × १ १/२. बाहेरून ७११ मिमी, रिम ६३५. रॉडचे ब्रेक, मागे दणकट कॅरिअर. पोस्टमन आणि दूधवाला यांची हीच. मोठं चाक खड्ड्यात कमी आपटतं, कॅन लावल्यावर हा फरक पाठीला कळतो. इंग्लंडच्या रस्त्यांवरून ही रिम जवळपास गेली. हॉलंडमधल्या उभ्या बांध्याच्या जुन्या वळणाच्या सायकलींना मात्र हाच टायर लागतो. वणीचा दूधवाला आणि ॲमस्टरडॅमची आजी यांचं माप एक, याची मला उगाचच गंमत वाटते.

घोळ होतो तो इथे. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. आता नाशिकहून दिंडोरीमार्गे इकडे येणाऱ्या रेसिंग सायकली नवलाच्या राहिल्या नाहीत. त्यांची रिम ६२२ ची, आणि युरोपात तिलाही २८ इंचीच म्हणतात. ‘२८ इंची टायर’ असं शोधलं की हासुद्धा समोर येतो. आजोबांच्या रिमपेक्षा तो १३ मिमीने लहान. लिव्हर घालून कितीही ओढा, तार रिमवरून जाणार नाही.

न चढणारा टायर निदान परत तरी पाठवता येतो. भीती आहे ती सहज चढणाऱ्याची. ५८४ च्या रिमवर ५९० चा टायर हाताने बसतो, मिस्त्रीची गरजही लागत नाही. मग हवा भरताना किंवा सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना एखाद्या वळणावर तार रिमबाहेर येऊ शकते. सहा मिलिमीटर म्हणजे शाळेच्या पट्टीवरच्या सहा बारीक रेघा.

म्हणून इंच सोडा आणि टायरच्या बाजूवर लहान अक्षरात छापलेला दुसरा आकडा वाचा: ४०-६३५, ३७-५९०, असा. पहिला भाग जाडी, दुसरा रिमवर तार बसते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा तंतोतंत जुळायलाच हवा. पहिल्यात थोडं मागेपुढे चालतं, चिमट्यात आणि मडगार्डखाली जागा असेल तर. ट्यूब ताणली जाते, त्यामुळे ती याहून समजूतदार. या आकड्यांमुळे एक जुनं नातंही उघड होतं: माउंटन बाइकवर नवीन म्हणून आलेलं २७.५ म्हणजे तेच जुनं ५८४, आणि २९ म्हणजे ६२२.

टायरवरचा आकडा झिजला असेल, तर रिमवर ठोकलेला बघा. आजोबांच्या सायकलचा गंजाखाली होता, घासलेट लावून चिंधीने पुसल्यावर दिसला. तोही गेला असेल तर फोटो पाठवून उपयोग नाही. चाक काढा आणि दुकानात न्या.