सव्वा फुटाचे रूळ

रेल्वे किती अरुंद केली तरी ती उपयोगाची राहते? हा प्रश्न सर आर्थर हेवूड या इंग्रज उमरावाला पडला होता. पैसा होता, जागा होती आणि इंजिनांचं वेड होतं. आधी त्याने नऊ इंच रुंदीचे रूळ करून पाहिले. त्यावर माणसं बसली की डबे डगमगायचे. मग १८७४मध्ये डर्बीशायरमधल्या डफिल्डला, आपल्या घराच्या आवारात, त्याने पंधरा इंचांचे रूळ टाकले. पंधरा इंच म्हणजे सव्वा फूट. आपल्या माथेरानच्या गाडीचे रूळ दोन फुटांचे आहेत, त्यावरून अंदाज करा.

हेवूडला खेळणं बनवायचं नव्हतं. मोठ्या जमीनदारांच्या इस्टेटी, कारखाने आणि मुख्य म्हणजे लष्कर ही गिऱ्हाइकं त्याच्या डोळ्यांसमोर होती. गाडी मनापासून घ्यावी, म्हणून त्याने बोगदे खणले, चढ ठेवले, जेवणाचा आणि झोपायचा डबासुद्धा बांधला. लोक बघायला आले, कौतुक करून गेले. लष्कराने काही ती घेतली नाही. मोठं गिऱ्हाईक एकच मिळालं: ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर. १८९६मध्ये चेस्टरजवळच्या त्याच्या ईटन हॉल या वाड्यापर्यंत कोळसा आणि विटा वाहायला तीनेक मैलांची लाइन झाली. १९१६मध्ये हेवूड गेला आणि त्यानंतर डफिल्डचे रूळ उखडले गेले.

पण तोवर हे पंधरा इंच दुसऱ्याच माणसाने उचलले होते. नॉर्दॅम्प्टनचा बॅसेट-लोक हा खेळण्यातल्या गाड्या विकणारा व्यापारी. त्याने आणि हेन्री ग्रीनली या इंजिनिअरने साधं गणित मांडलं: कोळशाला या गाडीची गरज नसेल, पण माणसं तिच्यात बसायला पैसे देतील. १९०५मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर त्यांची गाडी धावली. १९११मध्ये वेल्समधल्या रिलला मरीन लेक या तळ्याभोवती मैलभराचा गोल रूळ पडला.

हे रिल (इन्स्टावरचं नव्हे) चेस्टरच्या पश्चिमेला समुद्राकाठी आहे. १८४८मध्ये तिथे मोठी रेल्वे आली आणि नंतर मँचेस्टर-लिव्हरपूलकडची कामगार कुटुंबं सुट्टीला येऊ लागली. आता आसपासच्या टॉविन, किनमेल बे या गावांत कॅराव्हॅनच्या रांगाच्या रांगा दिसतात. गेल्या उन्हाळ्यात आम्हीही भाड्याची कॅराव्हॅन गाडीमागे जोडून तिथे चार दिवस राहिलो. बरोबर भारतातून आलेले बाबा होते. बाबा भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले.

तळ्याकाठच्या स्टेशनात इंजिन उभं होतं. उंची जेमतेम माझ्या छातीपर्यंत. ड्रायव्हर मागे बसतो तेव्हा त्याचं अर्धं अंग इंजिनाच्या वर दिसतं. मुलगी पहिल्या डब्याकडे धावली. बाबा मात्र इंजिनापाशीच उभे राहिले. बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काचेची नळी त्यांनी वाकून पाहिली, प्रेशरचा काटा पाहिला. मग म्हणाले, “अरे, हे खेळणं नाही. पाणी उतरलं तर हेही तेवढंच जिवावर बेतेल.” गाडी सुटली. गुडघे छातीशी, तोंडावर कोळशाचा धूर, एका बाजूला पाणी. मुलीने विचारलं, “आजोबा, ही कुठे जाते?” ते म्हणाले, “परत इथेच.” तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

हेवूडला मात्र वाटलं असतं. कुठेच न जाणारी रेल्वे! पण गंमत पुढे आहे. रेव्हनग्लासची बंद पडलेली तीन फुटी लाइन याच खेळण्यावाल्या मंडळींनी १९१५पासून पंधरा इंचांवर आणली आणि तिच्यावरून चक्क ग्रॅनाइट वाहिला गेला. १९२७मध्ये केंट परगण्यात कॅप्टन हौई या मोटार-शर्यती खेळणाऱ्या श्रीमंत माणसाने हौसेखातर रॉम्नीची लाइन उघडली. दुसऱ्या महायुद्धात ती लष्कराने ताब्यात घेतली आणि तिच्यावर चिलखती गाडी चालवली. हेवूड ज्या गिऱ्हाइकाची वाट बघत गेला, ते आलं, पण एका हौशी माणसाच्या दारात.

ईटन हॉलची उपयोगी लाइन त्या युद्धानंतर लगेच मोडली गेली. १९६३च्या बीचिंग अहवालानंतर तर तोट्याचं कारण देऊन ब्रिटनभर मोठ्या रेल्वेच्याही हजारो मैल लाइनी बंद झाल्या. रिलची गाडीदेखील १९६९मध्ये थांबली. पण १९७८मध्ये ती त्याच तळ्याभोवती पुन्हा सुरू झाली. १९२०च्या दशकात रिलमध्येच बांधलेली इंजिनं आजही तिथे आहेत आणि ती राखण्यात स्वयंसेवकांचा मोठा हात आहे. सुट्टीचे दिवस ते तेल-काजळीत घालवतात.

याचा हिशेब मी असा लावते. उपयोगासाठी बांधलेली वस्तू उपयोग संपला की भंगारात जाते, कारण तिच्यासाठी भांडायला कुणी उरत नाही. जिच्यात बसून माणसं लहानपणी फिरली, तिच्यासाठी मात्र कुणीतरी उभं राहतं. पुण्यातल्या पेशवे पार्कातली फुलराणी १९५६मध्ये सुरू झाली. तिच्यात बसलेली मुलं आज आजी-आजोबा आहेत. ती बंद करायची ठरवून बघा, ऐकायला मिळेल.