मिश्र वास्तुचित्रण

मिश्र वास्तुचित्रण म्हणजे इमारतीचे किंवा वस्तीचे रेखाटन कागदावर हाताने करून त्यात संगणकाच्या साहाय्याने रंग भरण्याची पद्धत होय. प्रस्तावित बांधकाम कसे दिसेल हे दाखविण्यासाठी वास्तुविशारद तिचा उपयोग करतात. छायाचित्रासारख्या हुबेहूब संगणकीय प्रतिमेमुळे सारे काही ठरून गेल्याचा भास होतो. हाताच्या रेषेमुळे मात्र आराखडा अजून विचाराधीन असल्याचे जाणवते.

पार्श्वभूमी

मुंबईतील वास्तुकलेचे शिक्षण सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट (स्थापना १८५७) या संस्थेतून वाढले. तेथे क्लॉड बॅटली यांनी जुन्या भारतीय वास्तूंची प्रत्यक्ष मापे घेऊन आरेखन करण्यावर भर दिला. पुण्यात जन्मलेले व याच संस्थेत शिकलेले बाळकृष्ण दोशी (१९२७–२०२३) यांनी आपल्या प्रकल्पांची काही चित्रे भारतीय लघुचित्रांच्या धर्तीवर केली. हे सारे रंगकाम हातानेच होई. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले आणि १९९४ च्या आवृत्तीत त्यात स्तरांची सोय झाली. रेषेला धक्का न लावता रंग बदलणे त्यामुळे सोपे झाले.

कार्यपद्धती

पेन्सिलीच्या कच्च्या रेखाटनावर ट्रेसिंग कागद ठेवून शाईने पक्की रेषा काढतात. हे रेखाटन इंचाला किमान ३०० बिंदू या घनतेने स्कॅन केले जाते. ए-३ आकाराच्या कागदाची प्रतिमा तेव्हा सुमारे ४९६१ × ३५०८ बिंदूंची होते. मोबाइलने घेतलेल्या छायाचित्रात कडा वाकतात, म्हणून मोजमापी चित्रासाठी स्कॅनरच बरा. त्यानंतर कागदाचा करडेपणा काढून रेषा गडद करतात.

रेषांचा स्तर सर्वांत वर ठेवून त्याला ‘मल्टिप्लाय’ ही मिश्रणपद्धत देतात. तिच्यामुळे पांढरा भाग पारदर्शक भासतो व काळी रेषा तशीच राहते. खालच्या वेगवेगळ्या स्तरांवर सपाट रंग, सावल्या आणि पोत येतात. सुटलेली रेषा हाताच्या चित्राला जिवंतपणा देते, पण एका टिचकीने रंग भरणारे साधन तिच्या फटीतून सर्वत्र पसरते. यासाठी खालच्या स्तरावर निवडक्षेत्र स्वतंत्रपणे आखून घेतात. रेषा जोडून टाकल्यास चित्र निर्जीव होते. क्रिता व गिम्प या विनामूल्य प्रणालींतही हे काम करता येते.

कोळीवाड्यांचे चित्रण : खारदांडा

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील खारदांडा येथे या पद्धतीचे गुण व धोके दोन्ही स्पष्ट होतात. जुन्या कोळीवाड्यांतील घरे गरजेप्रमाणे वाढत गेलेली असतात. अरुंद गल्ली, ओटा, बाहेरचा जिना यांच्या मापांना ठरीव साचा नसतो. अशा ठिकाणी जागेवर बसून काढलेले रेखाटन संगणकीय प्रतिकृतीपेक्षा लवकर होते आणि काय महत्त्वाचे आहे याची निवडही त्यातच होते.

बोंबील वाळविण्याच्या वलांड्या आणि जाळी दुरुस्तीची जागा नकाशावर केवळ मोकळी जमीन दिसते. २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांच्या नकाशांकनाची तरतूद केली. त्यामुळे कोणती जागा वापरात आहे, हा प्रश्न केवळ चित्रकलेचा राहत नाही. रंगभरण करताना या जागांवर हिरवळ पसरली, तर चित्र सुंदर होते पण तेथील व्यवसाय त्यातून नाहीसा होतो. म्हणून सध्याच्या वापराचा, प्रस्तावित बांधकामाचा आणि झाडांचा असे स्तर वेगळे ठेवून रहिवाशांना ते एकेक करून दाखविणे योग्य ठरते. समुद्राला गडद निळा रंग देण्याचा मोहही आवरावा लागतो. पावसाळ्यात येथील पाणी मातकट असते आणि तो निळा रंग बहुधा जाहिरातींतला असतो.

छपाई

पडद्यावरील रंग प्रकाशाचे, तर छपाईतील रंग शाईचे असतात. त्यामुळे तेजस्वी निळे व हिरवे रंग कागदावर मंद उतरतात. मोठा फलक छापण्यापूर्वी त्याचा लहान तुकडा त्याच यंत्रावर छापून पाहतात.