खरसुंडीहून आलेला खोंड

मुलांना सणासुदीला जनावर आणून चकित करायचं, ही काही शहरातली नवी हौस नव्हे. आमच्या विट्याच्या टापूत ही भेट खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेतून यायची. तिथं खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. खिलार म्हणजे मुळात गुरांचा कळप. शेजारचा आटपाडी महाल औंध संस्थानात होता. त्याच नावानं खिलारची एक उपजात आजही ओळखली जाते.

सकाळी दावणीला खोंड दिसला, की पोरं नाचायची. दुसऱ्या दिवसापासून वैरण-पाणी मात्र त्यांच्याच गळ्यात! १९७२च्या दुष्काळात वैरणीअभावी कित्येक दावणी रिकाम्या झाल्या. बापानं कासरा दुसऱ्याच्या हाती दिला, तेव्हा पोरंच जास्त रडली. आधी वैरण कोण घालणार ते मुलांशी बोलून ठरवावं, मगच जनावर आणावं.