एरंडेलाचा धूर

दिवाळीच्या पहाटे भुईनळ्यांचा वास आला, की मला दुसराच एक धूर आठवतो, एरंडेलाचा. लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेले हे तेल खेळातली विमानेही उडवते, हे मला शिक्षक झाल्यावर एका विद्यार्थ्याने शिकवले.

या विमानांचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅक्सवेल बॅसेटने बिल ब्राउनने घडवलेले चिमुकले पेट्रोल इंजिन आपल्या विमानाला लावले आणि 1933 च्या राष्ट्रीय स्पर्धेत रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांना मागे टाकले. इंजिन जेमतेम 10 घन सेंटिमीटरचे; पण ठिणगीसाठी बॅटरी आणि कॉइल यांचा बोजा विमानाला वाहावा लागे. 1947 मध्ये रे आर्डेनने ग्लो प्लग बाजारात आणला. त्यातली प्लॅटिनमची तार सुरुवातीला बॅटरीने तापवली, की पुढे स्फोटांची उष्णता आणि मिथेनॉलचे सान्निध्य यांनी ती लाल राहते. बोजा उतरला. मात्र मिथेनॉलात खनिज तेल मिसळेना. एरंडेल मिसळते, आणि धातू तापला तरी त्याला सोडत नाही. आजीचे औषध असे विमानात शिरले.

नवे इंजिन मात्र लगेच पळवायचे नसते. लोखंडी दट्ट्या आणि सिलिंडर आरशासारखे दिसले, तरी त्यांवर सूक्ष्म उंचवटे असतात. ते एकमेकांवर घासूनच झिजायचे. म्हणून आरंभी इंधनाची सुई उघडी ठेवायची, दोन-तीन मिनिटे चालवायचे, पूर्ण निवू द्यायचे, मग पुन्हा चालवायचे. जादा तेल उष्णता आणि धातूचा कीस बाहेर नेते. पूर्वी नव्या मोटारीच्या मागे ‘रनिंग-इन’ अशी पाटी असे, तिचा अर्थ हाच.

त्या विद्यार्थ्याने वर्षभर पैसे साठवून असे इंजिन आणले होते. स्नेहसंमेलनात विमान उडावे म्हणून घाई केली ती मी.

“सर, अजून थोडं चालवायला हवं,” तो म्हणाला.

पाहुणे येऊन बसले होते. मी त्याला सुई आवळायला लावली. इंजिन किंचाळले आणि जागच्या जागी अडकले. पोरगा एक शब्द बोलला नाही. रुमालाने तेल पुसून त्याने ते डब्यात ठेवले. शाळा सोडताना तो डबा त्याने मलाच दिला.

तो आजही माझ्या टेबलावर आहे. वर्गात एखादा बुजरा मुलगा नवा आला, की मी त्याला पहिल्याच दिवशी फळ्यापाशी उभा करीत नाही. काही दिवस मागच्या बाकावर बसू देतो.