अपरिवर्तनीय चलन म्हणजे काय? नोटेपासून गेममधल्या कॉइनपर्यंत

जे चलन देऊन बदल्यात सोन्याचांदीचं नाणं किंवा परकीय चलन हक्काने मागता येत नाही, ते अपरिवर्तनीय चलन. मी लाखांदूरचा, काम सॉफ्टवेअरचं. गावी गेलो की लहान भावंडं विचारतात, "दादा, गेममधले कॉइन बँकेत टाकता येतात का?" त्याचं उत्तर याच संकल्पनेत आहे.

नोटेमागची चांदी

१८६१ च्या कागदी चलन कायद्याने आलेली सरकारी नोट देऊन चांदीचे रुपये मागता यायचे. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९४० मध्ये सरकारने एक रुपयाची नोट आणली. कायद्याने ती स्वतःच नाणं ठरली, तिच्यामागे चांदी नव्हती. आजही त्या नोटेवर वित्त सचिवांची सही असते आणि 'अदा करण्याचं वचन' नसतं. शंभराच्या नोटेवर गव्हर्नरचं वचन असतं, पण त्यावर मिळतात दुसऱ्या नोटा किंवा साधी नाणी.

मग किंमत कशामुळे? १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यामुळे. नोट देशभर वैध चलन आहे आणि तिला केंद्र सरकारची हमी आहे.

परकीय चलनाचं काय?

इथे रुपया अर्धवट परिवर्तनीय आहे. १९९४ पासून व्यापार, शिक्षण, प्रवास अशा चालू खात्याच्या व्यवहारांसाठी तो बदलता येतो. परदेशातल्या गुंतवणुकीवर मात्र मर्यादा आहेत.

फोनमधले पैसे

• यूपीआय: हे तुमच्या बँक खात्यातलेच पैसे. धानाचे चुकारे खात्यात जमा झाले, तर एटीएममधून नोटा काढता येतात.
• डिजिटल रुपया: १ डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा प्रायोगिक प्रकल्प. व्याज नाही, पण खात्यात परत वळवता येतो.
• क्लोज्ड वॉलेट: एकाच कंपनीकडे खरेदीसाठी चालतं. रोख काढता येत नाही.
• गेममधले कॉइन: कायद्याने हे चलनच नाही. कंपनीच्या अटी सांगतील तेवढीच त्यांची किंमत.

म्हणजे नोट आणि गेमचा कॉइन, दोन्हींमागे चांदी नाही. फरक एवढाच की नोट नाकारू नये म्हणून कायदा आहे, कॉइनला फक्त कंपनीची मर्जी. त्यामुळे कुठल्याही अ‍ॅपमध्ये पैसे टाकण्याआधी 'बँकेत पाठवा' हा पर्याय आहे का ते बघा. नसेल तर तो खर्च झाला असंच धरा, आणि घरच्यांचे पैसे असतील तर आधी विचारा.