प्रायमरी चेनची जुळवणी (बिडाच्या इंजिनाची बुलेट)

प्रायमरी चेनची जुळवणी : मोटारसायकलच्या क्रँकची गती क्लचपर्यंत नेणाऱ्या चेनचा झोल ठरलेल्या मापात आणण्याचे काम. मागच्या चाकाकडे जाणारी चेन उघडी असते, सगळ्यांना दिसते आणि तिची काळजीही घेतली जाते. प्रायमरी चेन मात्र इंजिनाच्या बाजूच्या बंद पेटीत, तेलात फिरते. ती वाजू लागेपर्यंत मालकाला तिची आठवण होत नाही. भारतात हे काम मुख्यतः रॉयल एन्फील्ड बुलेटच्या जुन्या, बिडाच्या सिलिंडरच्या इंजिनावर करावे लागते. ही गाडी मद्रासमध्ये १९५५ पासून बनू लागली. तिचा मूळ आराखडा इंग्लंडमधल्या रेडिचचा होता आणि प्रायमरी चेनची रचनाही त्यासोबतच आली.

चेन दोन ओळींची (ड्युप्लेक्स) असून तिचा पिच ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास असतो. पुढे इंजिनाचे लहान स्प्रॉकेट आणि मागे क्लचचे मोठे स्प्रॉकेट. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन यांच्या अनेक जुन्या गाड्यांत गिअरबॉक्स वेगळा बसवलेला असे आणि तोच मागे सरकवून चेन ताणता येई. बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनाच्या पाठीला बोल्टने घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे दोन स्प्रॉकेटांमधले अंतर बदलत नाही. त्याऐवजी चेनच्या खालच्या पदराखाली एक वक्र पट्टी असते. तिच्या स्क्रूने ती वर उचलली की चेनचा झोल कमी होतो. इंजिन गाडी ओढते तेव्हा वरचा पदर ताणलेला आणि खालचा सैल असतो, म्हणून पट्टीची जागा खालीच योग्य ठरते.

चेन ‘ताणली जाते’ असे आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या रबरासारख्या लांबत नाहीत. प्रत्येक जोडातील पिन आणि बुश घासून किंचित पोकळी पडते आणि सगळ्या जोडांची मिळून लांबी वाढते. ही झीज सारखी नसते, स्प्रॉकेटही अगदी मध्यावर फिरतातच असे नाही. त्यामुळे एकाच चेनमध्ये काही ठिकाणी झोल जास्त, काही ठिकाणी कमी सापडतो. जुळवणीचे सगळे मर्म या असमानतेत आहे. माप सर्वांत घट्ट जागी घ्यायचे असते. सैल जागी माप बसवले, तर घट्ट जागी चेन तारेसारखी ताणली जाते.

वरच्या पदराच्या मध्यावर बोटाने वर-खाली हलवल्यावर एकूण सुमारे ६ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच, झोल असावा. तो शून्य का नसावा, याचे कारण उष्णतेत आहे. क्रँककेस ॲल्युमिनियमची आणि चेन पोलादाची. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, दोन स्प्रॉकेटांमधले अंतर वाढते आणि थंड असताना नीट वाटलेली चेन गरम इंजिनात कडक होते. हार्ले-डेव्हिडसनच्या जुन्या बिग ट्विन गाड्यांसाठी याच कारणाने थंड आणि गरम अशी दोन वेगळी मापे दिलेली आढळतात. घट्ट चेनचा भार क्रँकच्या डावीकडच्या बेअरिंगवर आणि क्लचच्या बेअरिंगवर पडतो. सैल चेन निदान आवाज करून सावध करते, घट्ट चेन गुपचूप बेअरिंग खाते. शंका असेल तेव्हा किंचित सैल ठेवणेच शहाणपणाचे.

आयडलिंगला डाव्या बाजूने येणारी खडखड आणि ॲक्सिलरेटर सोडता-धरताना बसणारा हिसका ही सैल चेनची नेहमीची लक्षणे. क्लच दाबताच आवाज बदलला, तर मात्र आधी क्लचकडे पाहावे.

उजवीकडे गिअर असलेल्या जुन्या बुलेटवर ब्रेकचे पेडल डावीकडे असते. चेनचे कव्हर निघण्यासाठी फूटरेस्ट आणि हे पेडल आधी बाजूला करावे लागते. गाडी मेन स्टँडवर, खाली पसरट भांडे. कव्हर मध्यावरच्या एकाच मोठ्या नटवर बसलेले असते. तो सुटला की आतले तेल भांड्यात येते. तेलात धातूची चकाकी दिसली किंवा कव्हरच्या आतल्या बाजूला चेनचे ओरखडे असले, तर प्रकरण नुसत्या जुळवणीचे नाही. स्पार्क प्लग काढून ठेवावा, गाडी टॉप गिअरमध्ये टाकावी आणि मागचे चाक हाताने थोडे थोडे फिरवत प्रत्येक जागी झोल पाहावा. घाई नको, बरेच फेरे लागतात. सर्वांत घट्ट जागा सापडली की तिथेच थांबून पट्टीच्या स्क्रूवरचा चेकनट सैल करावा, स्क्रू फिरवून पट्टी वर-खाली करावी आणि चेकनट पुन्हा आवळावा. आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून माप परत घेणे अनिवार्य.

स्क्रूचे काम पाच मिनिटांचे. उरलेली सगळी मेहनत कव्हर पुन्हा न गळता बसवण्याची. त्याच्या खाचेत रबरी पॅकिंग असते. जुने, फुगलेले पॅकिंग पुन्हा वापरणे ही खोटी काटकसर. खाच आणि समोरचा काठ कोरडा पुसून नवे पॅकिंग सगळीकडे सारखे बसवावे. गळती दिसली की मधला नट आणखी आवळण्याची सवय अनेक मिस्त्रींना असते, पण त्याने कव्हर वाकते आणि गळती कायमची मुक्कामाला येते. पेटीतले तेल इंजिनाच्या तेलापासून वेगळे असते. ते लेव्हलच्या स्क्रूपर्यंतच भरावे. घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले मोटारीचे तेल घातले, तर क्लच घसरू शकतो. शेवटी ब्रेकच्या पेडलचा खेळ तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

पट्टी पूर्ण उचलूनही झोल उरत असेल, तर चेन संपली. ती अखंड असते, जोडकडी नसते. त्यामुळे बदलताना दोन्ही स्प्रॉकेट क्लचसकट एकत्र काढावे लागतात. ती ओढून काढण्याची हत्यारे (पुलर) नसल्यास हे काम गॅरेजकडे सोपवावे.

जावा आणि येझ्दीतही प्रायमरी चेन होती, पण तिला जुळवणीची सोयच नव्हती. झिजली की बदलणे एवढाच उपाय. एन्फील्डने पुढे युनिट कन्स्ट्रक्शनच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेल्या) इंजिनात चेन ठेवली, पण तिला आपोआप ताणणारी यंत्रणा दिली. २०२० मध्ये मिटिअर या मॉडेलसोबत आलेल्या ३५० सीसीच्या इंजिनात तर प्रायमरी चेन काढून तिच्या जागी गिअर बसवले.